परत आलेलं मडकं

सकाळचे साडेसात. हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत एक मडकं आडवं पडलं होतं. तोंडाला लाल चकचकीत कापड, त्यावर निळ्या नायलॉनच्या दोरीचे तीन-चार वेढे, आणि गाठ इतकी करकचून मारलेली की पाण्यात रात्र काढूनही सैल झाली नव्हती. मडक्याच्या पोटाला शेवाळाचा एक धागा चिकटला होता. मागे वाळूत ते घरंगळल्याची वाकडी रेघ होती. देवळाकडे जाणारी माणसं त्याला लांबून वळसा घालत होती. कुणी चालता चालता हात जोडले, कुणी पुढे धावणाऱ्या पोराला दंडाला धरून मागे ओढलं. मडकं कुणाचं, हे कळायला काही मार्ग नव्हता. इथे अस्थी घेऊन येणाऱ्यांत पुण्याच्या गाड्या पुष्कळ असतात, म्हणून वाटलं की हे मडकं आणणारेही पुण्याचेच असतील. आदल्या दिवशी दुपारी आले असतील, विधी केला असेल, गुडघाभर पाण्यात उभं राहून मडकं सोडलं असेल, हात जोडले असतील. मग ताम्हिणी चढून रात्री घरी पोचले असतील आणि कुणीतरी म्हणालं असेल, "चला, नीट पार पडलं सगळं."

ते मडकं डोळ्यांसमोरून जात नाही.

पुण्यातल्या माणसाला अस्थींसाठी समुद्राकडे का जावंसं वाटतं, याचं एक कारण पुण्याच्या पाण्यातच आहे. समुद्र पुण्यापासून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर, पण पुण्याचं पाणी त्याच्याकडे पाठ करून वाहतं. वैकुंठ स्मशानभूमीच्या मागून जाणारी मुठा संगमाला मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेत जाते. आळंदीला इंद्रायणीत सोडलं तरी वाट तीच, कारण इंद्रायणी तुळापूरला भीमेलाच मिळते. मग उजनीचं धरण, मग पंढरपूर, मग रायचूरच्या बाजूला कृष्णा, पुन्हा धरणं, आणि शेवटी आंध्रात हंसलदिवीला बंगालचा उपसागर. भीमा पंढरपुरावरून जाते, चंद्रभागा होऊन जाते, या विचाराने वारकरी घरातल्या माणसाला फार बरं वाटतं, आणि ते वाटणं खरंच आहे. पण हाडाचे तुकडे पाण्यापेक्षा जड असतात. ते घाटाच्या दोन-चार हात पुढे तळाशी बसतात, आणि पाऊसकाळ सोडला तर नदीला त्यांना उचलण्याइतकी ओढच नसते. मुठेकाठी ओंकारेश्वरापाशी दहाव्याला उभं राहिलं की पाण्याकडे बघवत नाही. तिथे आपल्या आईला सोडायला ज्याचा हात धजत नाही, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

हरिहरेश्वरची गोष्ट वेगळी. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात जिथे कृष्णा उगम पावते असं आपण मानतो, तिथेच सावित्रीही उगम पावते. कृष्णा पूर्वेकडे चौदाशे किलोमीटर चालते. सावित्री मात्र पश्चिमेला कोकणात उतरते, महाडवरून येते आणि बाणकोटच्या खाडीतून हरिहरेश्वरापाशी समुद्राला मिळते. नदी, खाडी, समुद्र आणि शंकराचं देऊळ एकाच ठिकाणी. दक्षिण काशी हे नाव त्याला शोभतं. पेशव्यांचं हे कुलदैवत, त्यामुळे पुण्याशी नातं जुनंच. चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा असा रस्ता, सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, साडेचार-पाच तास. हे पाच तासच घात करतात. पहाटे आवरून निघेपर्यंत सात वाजतात, वाटेत दोनदा थांबणं होतं, पोचेपर्यंत बारा-साडेबारा. मग गुरुजी, विधी, आणि पाण्यापाशी जायची वेळ येते तेव्हा दुपार कलायला लागलेली असते. समुद्र तेव्हा काय करतोय हे कुणी विचारलेलंच नसतं.

मडकं परत का येतं याची सुरुवात मात्र समुद्रावर होत नाही, ती स्मशानात होते. लाकडावर दहन झालं असेल तर साधारण तीनशे किलो लाकूड जळलेलं असतं आणि त्या राखेतून अस्थी वेचाव्या लागतात. विद्युत किंवा गॅसदाहिनीत राख लाकडाची नसतेच. जे बाहेर येतं ते जवळजवळ सगळं हाडच असतं, पांढरं, ठिसूळ, कुठे निळसर झाक असलेलं. मोठ्या माणसाचं ते दोन ते तीन किलो भरतं. अंगाने भारी माणसाचं जास्त आणि किरकोळ माणसाचं कमी, असं नसतं. वजन ठरतं उंचीवर आणि हाडाच्या ठेवणीवर. हे घरच्यांना आधी सांगितलेलं बरं, नाहीतर धिप्पाड वडिलांचं एवढंसंच गाठोडं हातात आलं की मुलगा गोंधळून जातो, "एवढंच?" म्हणतो. सावडताना घाई करू नये. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर त्याचा धातू तसाच्या तसा निघतो, हाताला चांगला जड लागतो. तो समुद्रात द्यायचा नाही, काढून ठेवायचा. लोहचुंबकावर विसंबू नये, टायटॅनियम त्याला चिकटत नाही. स्क्रू, दाताची टोपी असलं बारीकसारीक बोटांनीच शोधावं लागतं. (पेसमेकर मात्र दहनाआधीच डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो, त्याची बॅटरी भट्टीत फुटते.)

सावडताना दूध-पाणी शिंपडतात, तिथे एक चूक होते. ओल्या अस्थी तशाच मडक्यात भरून तोंड बांधलं आणि ते आठ दिवस तसंच राहिलं, तर आत आंबूस वास धरतो. बांधलेलं कापड उघडल्यावर तो वास आला की माणूस मनातून हलतो, आपल्या माणसाचं काही बिघडलं असं त्याला वाटतं. बिघडलेलं असतं ते दूध. म्हणून सावडून झालं की अस्थी सुती पंच्यावर सावलीत पसराव्यात, दोन-तीन तासांत कोरड्या होतात, मग भराव्यात. पंचगव्य, दूध, तीळ जे काय करायचं ते विसर्जनाच्या सकाळी करावं. लाकडाची राख असेल तर ओल्या हाताने चिवडू नये. तिच्यात खार असतो, हाताची साल निघते.

आता मडकं. कुंभाराकडचं नेहमीचं भाजलेलं मडकं तीन-चार लिटरचं असलं तरी पुरतं. पण अस्थींनी ते तोंडापर्यंत भरत नाही, वरची जागा हवेची असते. तोंड कापडाने करकचून बांधलं की ते मडकं राहत नाही, तरंगती पेटी होते. पाण्यात सोडल्यावर ते डुलत डुलत लांब जातं, आपल्याला वाटतं निघालं, आणि भरतीचं पाणी त्याला उचलून परत आणतं. उपाय अगदी सोपा आहे. तळाजवळ एक आणि खांद्यापाशी दोन अशी करंगळी जाईल एवढी भोकं पाडायची. खालून पाणी शिरतं, वरून हवा सुटते. खालीच भोकं ठेवली तर हवेला वाट राहत नाही. भोकं घरीच हळू हाताने खिळा फिरवून पाडावीत आणि आतून केळीच्या पानाचा तुकडा लावावा. किनाऱ्यावर दगड मारून भोक पाडायला गेलं की मडकं दुभंगतं, आणि तो क्षण कुणालाच सोसत नाही.

त्याहून चांगलं म्हणजे न भाजलेलं मडकं. पुण्याला शाडूची माती सांगायला नको, गणपती बादलीत रात्रभर कसा विरघळतो हे घराघरात पाहिलेलं असतं. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात आधी सांगून ठेवलं तर कच्चं मडकं करून मिळू शकतं. भिंत जाड, निदान बोटभर, ठेवायला सांगावी. दोन दिवस सावलीत वाळलं पाहिजे. हे मडकं ओल सोसत नाही, आत फक्त कोरड्या अस्थी. गाडीत ते मांडीवर घेऊन बसायचं नाही, ताम्हिणीच्या वळणांवर हात दाबला जातो आणि तडा जातो. टोपलीत भाताचा पेंढा किंवा जुनी धोतरं घालून त्यात बसवायचं. तोंडाला सुती कापड आणि सुतळी. लाल चकचकीत कापड दुकानदार देतो ते सुती नसतं, ते वर्षानुवर्षं कुजत नाही. हार नेला तर दोरा काढून फक्त फुलं सोडावीत. दोरा बोटीच्या पंख्यात जातो.

अस्थी समुद्रात विरघळून जातात असं सगळे म्हणतात, तसं होत नाही. हाड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, ते मिठासारखं विरघळत नाही. तुकडे तळाशी जातात, गाळात रुततात, शंखशिंपल्यांच्या चुऱ्यात मिसळतात. वर तरंगते ती फक्त बारीक भुकटी. माझ्या मते हे विरघळण्यापेक्षा कमी नाही.

भरती-ओहोटीचा हिशोब कोकणातल्या कुणालाही तोंडपाठ असतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमाराला पाणी पूर्ण भरणार, आणि सकाळ-रात्री नऊला पूर्ण ओसरणार. वेळ मिनिटावर बरोबर येत नाही, अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण आपल्या कामाला पुरतो. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा ओढ जोराची आणि लाटाही दांडग्या. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी शांत. विसर्जन नेहमी भरती पूर्ण होऊन पाणी परतायला लागलं की करायचं. पुढचे सहा तास पाणी समुद्राकडे जात असतं, आणि सावित्रीचं पाणी त्याला मागून रेटत असतं.

दुसरं बघायचं ते वारा. शाळेत मतलई आणि खारे वारे पाठ केलेले असतात, उपयोग इथे होतो. रात्री आणि पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दिवस तापला की दहा-अकराच्या पुढे तो फिरतो आणि समुद्रावरून किनाऱ्याकडे येतो, तो खारा. दुपारी दोनला किनाऱ्यावर उभं राहून मूठ उघडली की राख समोर जात नाही, ती तोंडावर येते, डोळ्यांत जाते, बायकांच्या पदरावर बसते. आणि पाण्यात उभ्या असलेल्यांच्या पोटरीला, जिथपर्यंत लाट आली तिथपर्यंत, एक करडी रेघ उमटते. माणूस वाकून ती रेघ पाण्याने धुतो. धुताना त्याच्या चेहऱ्याकडे बघू नये.

म्हणजे हवी आहे सकाळ, आणि सकाळी उतरतं पाणी. हिशोब मांडला तर दोन्ही पक्षांतली अष्टमी ते एकादशी यात बसते. पूर्ण भरती सहा ते सव्वाआठ, पुढे दुपारपर्यंत ओहोटी. हे दिवस दर पंधरवड्याला येतात, त्यामुळे दहा दिवसांच्या आत बहुतेकांना त्यातला एक तरी सापडतो. नाहीच सापडला आणि वारा की पाणी असं निवडायची वेळ आली, तर पाण्याचं ऐकावं. वाऱ्यावर इलाज आहे: राख उधळायची नाही, भोकं पाडलेलं मडकं पाण्याला टेकवून सोडायचं. चढत्या पाण्यावर इलाज नाही. आणि एक, पुण्याहून आदल्या संध्याकाळी निघून मुक्काम करावा. एका रात्रीचा खर्च वाढतो, पण सकाळी सहाला माणसं शांत असतात, परतीचा घाट डोक्यात नसतो.

देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरून विसर्जन करायला बरेच जण जातात. जागा सुंदर आहे, लाटांनी खडकाला जाळी पाडली आहे, पायऱ्या उतरून गेलं की समोर फक्त समुद्र. पण भरतीला ती वाट बंद होते आणि शेवाळावर पाय ठरत नाही. हातात मडकं असताना तोल सावरायला हात मोकळा नसतो. तिथे फक्त ओहोटी पूर्ण होत आल्यावर जावं, आणि खडकाच्या कडेला नाही. खरं विसर्जन करायचं तर होडी घ्यावी. होडीला प्रवासी नेण्याचा परवाना आहे का, किती माणसांचा, सगळ्यांना पुरतील एवढी लाइफ जॅकेटं आहेत का, हे आधी विचारावं. दुःखात हे विचारायला संकोच वाटतो, म्हणून हे काम घरातल्या लांबच्या माणसाकडे, एखाद्या मावसभावाकडे द्यावं. पैसे जाऊन-येऊन आणि थांबण्याचा वेळ धरून आधीच बोलून घ्यावेत. पाच-सहा माणसं पुष्कळ झाली. उपाशीपोटी होडीत बसू नये, सुतकातली माणसं नेमकी तीच चूक करतात आणि खाडीच्या तोंडाशी लाटा आडव्या यायला लागल्या की त्यांना मळमळतं. थोडं कोरडं खाऊन घ्यावं, आलेपाकाची वडी तोंडात ठेवावी.

किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटर गेलं की तांडेल इंजिन बंद करतो. पंखा थांबला की एकदम शांत होतं, फक्त पाणी फळ्यांवर थपथपतं. होडी आडवी होऊन डुलायला लागते आणि त्या क्षणी सगळेच्या सगळे एकाच बाजूला धावतात, शेवटचं बघायला. होडी कलते ती तेव्हा. म्हणून आधी ठरवावं, मडकं कोण सोडणार, पळीने पाणी कोण घालणार. बाकीच्यांनी बसूनच हात जोडायचे. सोडणाऱ्याने वाऱ्याकडे पाठ करून गुडघे टेकावेत, मडकं दोन्ही हातांनी पाण्याला टेकवावं आणि पाणी आत शिरेपर्यंत सोडू नये. मिनिटभर लागतो. हाताखाली बुडबुडे येतात, मडकं जड होत जातं. मग हात आपोआप सुटतात.

जेठ ते श्रावण मृत्यू झाला तर हे जमत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या ओढून वर घेतलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडे पाठ करावी हेच शहाणपण. तेव्हा थांबावं. अस्थींचं काही बिघडत नाही. कोरड्या ठेवाव्यात, स्मशानभूमीत ठेवायची सोय असेल तर तिथे, आणि पुढे तीर्थश्राद्ध करून सोडाव्यात. गांधीजींच्या रक्षेचा एक भाग मुंबईत गिरगाव चौपाटीसमोरच्या समुद्रात ३० जानेवारी २००८ रोजी सोडला गेला, मृत्यूनंतर बरोबर साठ वर्षांनी. थोडा भाग आपल्या इथेच आगाखान पॅलेसमध्ये, कस्तुरबांच्या समाधीजवळ आहे. साठ वर्षं थांबलेली रक्षा समुद्राने घेतली. चार महिने थांबल्याने कुणी अडकून पडतं असं मनात आणू नये, आणि चुलत्याच्या आग्रहाखातर जुलैच्या समुद्रात तर मुळीच उतरू नये.

मुलं अमेरिकेत असली तर थोड्या अस्थी तिकडे न्यायची इच्छा असते. कलश धातूचा नको, तपासणीच्या यंत्रात त्याच्या आरपार दिसत नाही आणि तो विमानात नेऊ देत नाहीत. लाकडी डबी घ्यावी, सोबत स्मशानभूमीची पावती आणि मृत्यूचा दाखला. तिकडचा नियम स्पष्ट आहे: किनाऱ्यापासून तीन सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर आत जाऊन सोडायच्या, सोबत न कुजणारं काही टाकायचं नाही, आणि तीस दिवसांत पर्यावरण खात्याला कळवायचं. आपल्याकडेही ते तीन मैल आणि न कुजणाऱ्या वस्तूंची बंदी पाळायला काय हरकत आहे?

त्या सकाळी अष्टमी होती. म्हणजे भरती सहाला पूर्ण झाली होती. आदल्या दिवशी सप्तमीला पाणी सव्वापाचला भरणार होतं, आणि ज्यांनी मडकं सोडलं ते तीन-चारच्या सुमाराला, चढत्या पाण्यात उभे होते. सगळं प्रेमाने केलेलं, फक्त दोन तास लवकर.

पावणेआठला एक म्हातारा तांडेल आपल्या होडीकडे चालला होता. त्याने मडकं पाहिलं, वळसा घातला नाही. चपला काढल्या, मडक्यापाशी उकिडवा बसला, कमरेच्या सुरीने निळी दोरी कापली आणि लाल कापडासकट गुंडाळून खिशात घातली. आत बघितलं नाही. दोन ओंजळी ओली वाळू वरून घातली, तळाशी सुरीचं टोक फिरवून भोक पाडलं. एक बाई लांबून म्हणाली, "मामा, कुणाचं हो ते?" तो म्हणाला, "कुनाचं का असंना. पानी आता बाहेर चाललंय." मडकं छातीशी धरून तो पाण्यात चालत गेला आणि होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेशी, जाळ्याच्या गुंडाळीत, ते उभं ठेवलं.